प्लास्टरवरची चित्रं

"बोटं हलव."

"हलतायत."

"अंगठा?"

"तोही हलतोय हो ताई. सोडा आता. गॅसवर दूध आहे."

"दूध गेलं खड्ड्यात. हात उचलायचा नाही, सांगून ठेवते. ओलं आहे अजून."

आत्याने भावजयीचा डावा हात मांडीवर घेतला होता आणि ओल्या प्लास्टरवरून ती तळवा फिरवत होती. बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि तो आत टोचत राहतो, म्हणून नेहमी तळवाच. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. दवाखान्यात तिला सगळे प्लास्टरबाई म्हणत. नवे डॉक्टर हाड बसवताना घामाघूम झाले की हळूच तिच्याकडे बघत, आणि ती भुवई जरा वर करी किंवा खाली करी, तेवढ्यावर त्यांचं काम होई.

इथे मात्र स्वयंपाकघराची फरशी होती. खुर्चीचा एक पाय मोरीपाशी जाऊन पडला होता. बरणी फुटून साखर आणि काच एकमेकांत अशी मिसळली होती की दोन्ही फेकूनच द्यावी लागणार होती. भावजयीचा खालचा ओठ फुटून टम्म सुजला होता. कानामागे केस उपटले गेले होते तिथे रक्ताचे बारीक ठिपके होते. दुपारचे साडेबारा वाजले होते. हे सगळं करणारा स्कूटर घेऊन बाहेर गेला होता, आणि संध्याकाळी येताना तो काहीतरी गोडधोड घेऊन येणार हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"आत्या, वाळलं का?"

ठिपकी पलंगाखालून बोलली. हनुवटीवर तीळ होता म्हणून ठिपकी; वय सात. आधी पलंगाखालून तिचे हात आले, मग रंगांची पेटी, आणि मग ती.

"गरम लागतंय का बघ." आत्या म्हणाली. "गरम आहे तोवर वाळत असतं. गार पडलं की तुझं."

ठिपकीने आईच्या हाताला गाल लावला. "गरम आहे."

"मग थांब की जरा. कलाकाराला दम धरता आला पाहिजे."

"या वेळी मोठं आहे," ठिपकी खूश होऊन म्हणाली. "कोपरापर्यंत आहे. मागच्या वेळी मला जागाच पुरली नव्हती."

भावजय हसली. ओठ दुखला तशी लगेच थांबली.

या चित्रांची सुरुवात दोन वर्षांपूर्वी झाली होती. भावजयीचं मनगट पहिल्यांदा मोडलं तेव्हा पाच वर्षांची ठिपकी पलंगाखाली जाऊन जी किंचाळत सुटली ती काही केल्या थांबेना. आवाज चार घरं ऐकू जात होता. दवाखान्यात न्यावं तर कसं झालं ते लिहून घेतात, आणि आत्याला ते लिहून द्यायचं नव्हतं. मुदत उलटलेल्या पट्ट्यांचे चार रोल तिच्या पिशवीत होते. तिने घरीच हाताने चाचपून हाड बसवलं, कोमट पाण्यात पट्ट्या भिजवल्या, आणि पलंगाखाली वाकून म्हणाली, "ए ठिपके, आईच्या हातावर चित्र काढतेस? एवढा पांढराशुभ्र कागद तुला कुणी दिला होता का कधी?"

किंचाळणं थांबलं. पोर बाहेर आली. तिने लाल खडूने एक गोल काढला आणि त्यातून चहूकडे रेघा ओढल्या.

"अगं बाई, सूर्य!" आत्या म्हणाली.

"किती सुंदर गं," आई म्हणाली.

संध्याकाळी बाप आला, खाली मान घालून बसला, मग त्याने बायकोचा हात स्वतःकडे ओढून चित्र पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. "ताई, हिच्या हातात कला आहे बघ," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी चोवीस रंगांची पेटी आली.

त्या घरात एरवी कुणी कुणाला वा म्हणत नसे. त्यामुळे इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं कौतुक त्या पोरीच्या वाट्याला आलं. दुसऱ्या प्लास्टरच्या वेळी ठिपकीने पक्षी काढले, ढीगभर, सगळीकडे उडणारे. बापाने मोबाईलवर फोटो काढून कामावर सगळ्यांना दाखवले. प्लास्टर काढायची वेळ आली तेव्हा ठिपकी रडली, म्हणून आत्याने ते कात्रीने दोन्ही बाजूंनी अलगद कापलं, आतून पट्टी चिकटवून पुन्हा जोडलं आणि कपाटावर मांडून ठेवलं. कपाटावर आता अशी दोन पोकळ मनगटं उभी होती. त्यांची धूळ भावजय रोज पुसायची.

तर हे तिसरं. ठिपकीने त्यावर दोन दिवस खपून एक घर काढलं, खिडक्या, दार, आणि दाराशी कुणीतरी.

"दाराशी फुलवाली आली वाटतं," आत्या म्हणाली. "वा! दिवसेंदिवस हात बसत चाललाय हं."

ठिपकी खडू पेटीत लावत राहिली. कौतुक करणाऱ्याचं बोलणं मध्ये तोडायचं नसतं, हे तिला एव्हाना कळलं होतं.

*

आत्याचा भाऊ, म्हणजे ठिपकीचा बाप, चौतीस वर्षांचा होता आणि दारातून वाकून यावं लागेल इतका उंच होता, तरी आत्या त्याला बारक्याच म्हणे. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ती एकोणीसची. त्याला जेवू घालणं, त्याची नखं कापणं, शाळेत मारामारी करून आला की त्याच्या वतीने माफी मागणं, यातच तिचं लग्न राहून गेलं. त्याचं तिला दुःख नव्हतं. पोरगा कामाला लागला, काचा बसवायला शिकला. माणसाएवढी काच तो तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून चार जिने चढायचा. अकरा वर्षांत त्याच्या हातून एक काच फुटली नव्हती.

घरात तो बायकोचा हात धरून पिरगाळायचा. दर वेळी डावा. उजव्या हाताने तिला स्वयंपाक करायचा असतो आणि त्याचे डबे भरायचे असतात, एवढं भान त्याच्या रागालाही होतं. हे आत्याच्या फार पूर्वी लक्षात आलं होतं. लक्षात आलं म्हणून तिने काही केलं मात्र नव्हतं.

दवाखान्यात तिच्याकडे अशा बायका रोज यायच्या. "कसं झालं?" "बाथरूममध्ये पडले." "जिन्यावरून पडले." "मांजर आडवं आलं." ती शिकाऊ पोरांना हसून सांगायची, "आपल्याकडे सगळे पडलेलेच येतात रे. बाहेर कुणी उभं राहतं की नाही कोण जाणे." पोरं हसायची. तीही हसायची, आणि पट्टी गुंडाळत राहायची.

तिसरं प्लास्टर निघाल्यावर दोन आठवड्यांनी, एका सुट्टीच्या दिवशी, बारक्याने मिस्त्रींना जेवायला बोलावलं. मिस्त्री म्हणजे त्याच्या काच-कारखान्यातले सगळ्यांत जुने कारागीर. त्यांच्या शब्दावर नवा मुकादम ठरणार होता. भावजयीने सकाळपासून घर लखलखीत केलं होतं. जेवणं झाली. मिस्त्री मजेत होते, पोटावरून हात फिरवत म्हणाले, "सूनबाई, हाताला चव आहे हो. हा बाबा डब्यातलं आम्हाला देत नाही ते उगीच नाही."

"जेवणाचं सोडा, ही बघा आमची खरी कमाई," बारक्या म्हणाला, आणि कपाटावरची तिन्ही प्लास्टरं त्याने टेबलावर आणून मांडली. "सात वर्षांची आहे. कुणी शिकवलं नाही, काही नाही."

मिस्त्रींनी चष्मा लावला. "अरे वा. पण हे... हातावर?"

"ही जरा वेंधळी आहे," बारक्या बायकोकडे बघून हसला. "कुठे ना कुठे पडत असते."

"पडली पण पोरीचं भलं झालं म्हणायचं!" मिस्त्री हसले आणि त्यांनी ठिपकीला जवळ ओढलं. "मग काय चित्रकार? पुढचं कशावर काढणार?"

ठिपकी विचारात पडली. इतका मोठा माणूस तिला तिच्या कामाबद्दल विचारत होता. तिने नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

"डाव्या हातावर मला उलटं बसावं लागतं," ती म्हणाली. "म्हणून आता उजवा. बाबा, या वेळी उजवा मोडा ना."

मिस्त्रींनी चष्मा काढून खिशात ठेवला. पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला. "निघतो मी," ते म्हणाले. दाराशी त्यांच्या एका चपलेचा पट्टा काही केल्या लागेना. शेवटी ती तशीच फरफटत ते गेले. आत्या त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली.

ती परत वळली तोवर घरात सुरू झालं होतं.

उघड्या दारातून तिला दिसलं, पहिली थप्पड ठिपकीला बसली. आजवर त्याने पोरीवर हात टाकला नव्हता. ती टेबलाच्या कडेवर आपटली आणि आवाज न करता खाली बसली. दुसऱ्यांदा त्याने हात उगारला तेव्हा भावजय मध्ये आली. ही बाई लग्नाला नऊ वर्षं झाली तरी नवऱ्यासमोर मोठ्याने शिंकली नव्हती. तिने त्याला दोन्ही हातांनी मागे ढकललं आणि ओरडली, "तिला नाही! तिला हात लावायचा नाही!"

त्याने तिचा उजवा हात धरला. पिरगाळला, आणि तसाच धरून दाराच्या चौकटीवर हाणला. एकदा. मग पुन्हा. तिसऱ्यांदा जो आवाज आला तो आत्याला बावीस वर्षांच्या सवयीने फाटकापाशीच ओळखू आला. ती धावली.

हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. रक्त कोपरावरून धारेने फरशीवर पडत होतं. भावजय भिंतीला टेकून आपल्याच हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी हात आहे.

"ताई," बारक्या धापा टाकत म्हणाला. तो पांढराफटक पडला होता. "ताई, पट्ट्या आण ना तुझ्या. बसव ना गं."

आत्याने कपाटातून धुतलेला पंचा काढून जखमेवर दाबला. जाडजूड मासिक हाताभोवती गुंडाळून ओढणीने बांधलं. तिचे हात आपोआप काम करत होते. "हे घरी बसवायचं नसतं," ती म्हणाली. "घरी बसवलं तर सडेल. हात जाईल, नाहीतर बाई जाईल. रिक्षा बोलाव."

"दवाखान्यात विचारतील."

"विचारू देत."

"ताई!"

"रिक्षा बोलाव म्हणते ना!"

*

हाडांचे डॉक्टर नवे होते, तरुण होते आणि त्यांना डोळे होते. त्यांनी दोन्ही हातांचे एक्सरे काढायला लावले. उजवा बघितला, मग डावा उजेडासमोर धरून बराच वेळ बघत राहिले.

"प्लास्टरबाई, इकडे या. हे बघा. डाव्या हाताला तीन जुने जोड आहेत. आपल्याकडे यांचा एकही कागद नाही." त्यांनी जोडावर बोट ठेवलं. "पण बसवलंय मात्र झकास. एक रेघ वाकडी नाही. असा हात या दवाखान्यात एकाच माणसाचा आहे."

आयुष्यात कामाचं इतकं सरळ कौतुक आत्याने कधी ऐकलं नव्हतं.

"मला यांना ऑपरेशनला आत घ्यायचंय," डॉक्टर म्हणाले. "त्याआधी कसं झालं ते लिहावं लागेल. पेशंट बोलायच्या अवस्थेत नाही. आणलं तुम्ही. सांगा, काय लिहू?"

व्हरांड्यात बारक्या उभा होता. दाराच्या काचेतून तो तिच्याकडे बघत होता. नऊ वर्षांचा असताना शाळेच्या ऑफिसबाहेर उभा राहून असाच बघायचा तो. आत ताई काय सांगते, आणि ताई नेहमी कसं सांभाळून घेते. त्याने ओठांनीच शब्द केले. पडली. सांग ना, पडली.

आत्याच्या डोळ्यांसमोर टेबलाच्या कडेवर आपटून, आवाज न करता खाली बसलेली ठिपकी आली. पाच वर्षांची असताना तीच पोर चार घरं ऐकू जाईल अशी किंचाळली होती. दोन वर्षांत तिला हे शिकवलं कुणी?

"नवऱ्याने मारलं," आत्या म्हणाली. "दाराच्या चौकटीवर आपटून. माझा भाऊ आहे. आधी तीन वेळाही त्यानेच मोडलं. ते मी घरी बसवलं, कुणाला कळू नये म्हणून. तेही लिहा."

काचेपलीकडे त्याला शब्द ऐकू आले नाहीत, पण चेहरा कळला. तो दार ढकलून आत आला आणि त्याने तिचा गळा धरला. "मी तुझा कोण?" तो ओरडत होता. "मी तुझा कोण आहे, सांग!" तिचे पाय जमिनीवरून सुटले. औषधांचं तबक खाली कोसळलं. दोन शिकाऊ पोरं त्याच्या पाठीवर लटकली, एकाच्या नाकाचा घोळणा फुटला, तिसऱ्याने मागून त्याचे पाय ओढले, आणि तो पडला. पडल्यावरही तिच्या साडीचा पदर त्याच्या मुठीत होता. मूठ सोडवायला चार जण लागले.

आत्याला बराच वेळ श्वास घेता येईना. आला तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, "तिला आत घेतलं ना?"

*

तिसऱ्या दिवशी सकाळी हवालदार घरी आले. वयस्कर होते, गुडघेदुखीने दाराच्या पायऱ्या चढताना कण्हत होते. डॉक्टरांनी कागदावर जुन्या जोडांबद्दल लिहिलं होतं, आणि आत्याने जबाबात प्लास्टरं घरी असल्याचं सांगितलं होतं. ती पुरावा म्हणून ताब्यात घ्यायची होती. शेजारचे दोघे पंच म्हणून खुर्च्यांवर अवघडून बसले. बारक्या कोठडीत होता, भावजय अजून दवाखान्यातच होती. डॉक्टर म्हणाले होते, हात राहील. बोटं मात्र पूर्वीसारखी चालतील असं नाही.

हवालदारांनी तिन्ही प्लास्टरं टेबलावर ठेवली, कागद काढला आणि पुटपुटत लिहायला लागले. "पांढऱ्या रंगाचं प्लास्टर, नग तीन... त्यावर रंगीत खडूने चित्रं..." ते थांबले. "काय चित्रं आहेत ते लिहावं लागतं. हा काय, सूर्य का?"

"हो, सूर्य," आत्या दारातून म्हणाली.

"नाही," ठिपकी म्हणाली. तिच्या गालावरचा वळ आता पिवळा पडत चालला होता. "तो दिवा आहे. बाबांनी खुर्ची फेकली ना, ती दिव्याला लागली. मग तो असा असा हलत होता."

हवालदारांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. 'सूर्य' खोडून 'दिवा' लिहिलं. "आणि हे पक्षी?"

"पक्षी नाहीत. बश्या आहेत. फुटलेल्या. ही निळी होती ती आईची आवडती."

एक पंच खाकरला. हवालदारांनी सावकाश, एकेक अक्षर लावून लिहिलं. कौतुक केलं नाही, हसले नाहीत. पोरीला ते आवडलेलं दिसलं. ती टेबलाजवळ सरकली.

"आता तिसरं. हे घर. दाराशी ही बाई कोण?"

"आत्या आहे."

"हातात काय आहे तिच्या? फूल?"

"पट्टी आहे. प्लास्टरची."

"मग ती बाहेर का उभी आहे, बाळ?"

"आत आवाज चालू आहे ना," ठिपकी म्हणाली. एवढंही कसं कळत नाही, अशा सुरात. "तो थांबला की ती आत येते. नेहमी तसंच करते."

हवालदारांचं पेन कागदावरून उचललं गेलं. त्यांनी आत्याकडे पाहिलं नाही. कागदाकडेच बघत म्हणाले, "बाई, हे तसंच घेऊ का?"

आत्याच्या गळ्यावर अजून बोटांचे काळे-निळे ठसे होते आणि आवाज धड फुटत नव्हता. "ती सांगते तसंच लिहा," ती म्हणाली. "एक शब्द इकडचा तिकडे नको."

त्यांनी लिहिलं. पंचांनी सह्या केल्या. हवालदारांनी कागद घडी करायला घेतला, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उलगडला. "आणखी काही आहे का गं, बाळ?"

ठिपकीने बराच विचार केला. "आहे. पण ते मी काढलं नाहीये. नुसतं सांगितलं तर चालेल?"

"चालेल की."

आत्या अजून दारातच होती, उंबरठ्याच्या बाहेर. ती आत आली, आणि ठिपकीच्या शेजारी फरशीवर बसली.

"सांग," ती म्हणाली.